तात्यांच्या तुपाची गोष्ट, घडली तशी

सोपानतात्यांच्या दहाव्याला चिखलीत आमच्या कबड्डी संघाचे बहुतेक सगळे जुने समर्थक आले होते. घाटावरून परतल्यावर मंडपात चहा फिरला आणि तात्यांच्या आठवणी निघाल्या. कंपनीत स्टोअरला असलेला बाळू जगदाळे म्हणाला, "तात्यांनी सुऱ्याला इतकं तूप चारलं, इतकं चारलं, की गडी काट्यात बसंना! मायेपोटी अख्खा सीझन घालवला राव त्या माणसानं." सगळे हसले. वाईट हसले नाहीत, डोळे पुसत हसले. मीही हसल्यासारखं केलं.

बाळूनं सांगितलं ते खरं नव्हतं. तिथं हे ठाऊक असलेली तीनच माणसं होती. एक तात्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे वहिनी म्हणतो, दुसरा खुद्द सुऱ्या, आमचा जुना चढाईपटू, आणि तिसरा मी. वहिनी आणि सुऱ्या आत होते. मी बाहेर होतो आणि गप्प होतो. घरी निगडीला आलो, दोन दिवस गेले, आणि आता हे लिहायला बसलो आहे. पण आधी तात्या कसे होते ते सांगतो, कारण तात्या म्हणजे काही ती एक गोष्ट नव्हे.

चाकणच्या वाटेवर मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत आम्ही दोघांनी नोकरी केली. तात्या प्रेस शॉपला, मी क्वालिटीत. ते चिखलीच्या जुन्या शेतकरी घरातले. जमिनीचा बराचसा भाग रस्त्यात आणि गाळ्यांत गेला होता, तरी घरामागं दोन म्हशी आणि भाजीपाल्यापुरतं रान त्यांनी राखलं होतं. कंपनीत हेल्मेट सक्तीचं झालं तेव्हा त्यांनी पांढरी टोपी काढली नाही, तिच्यावरच हेल्मेट चढवलं. सेफ्टीवाले साहेब बोलले तर म्हणायचे, "हेल्मेट तुमचं, टोपी माझी. दोघं नांदत्यात की सुखानं!"

कंपनीचा कबड्डी संघ होता. संघापेक्षा समर्थक जास्त. त्या समर्थकांचे तात्या कोणी अध्यक्ष वगैरे नव्हते. अध्यक्ष दरवर्षी बदलायचे, तात्या असायचेच.

सामना ते बसून बघत नसत. मैदानाच्या डाव्या कोपऱ्याजवळ, रेषेपासून हातभर मागं, हाताची घडी घालून उभे राहायचे. आपला गडी चढाईला निघाला की त्याच्याबरोबर यांचंही ओठांतल्या ओठांत 'कबड्डी, कबड्डी' सुरू. तेही एका दमात. गडी पलीकडे हुलकावण्या देतोय, बोनसची रेषा चाचपतोय, आणि इकडे तात्यांचा चेहरा आधी तांबडा, मग जांभळा. एकदा आमच्या एका पोरानं चढाई फारच लांबवली. शेवटी तात्यांचा दम तुटला आणि ते मट्कन खाली बसले. पोरगं दोन गुण घेऊन परत आलं तर तात्या जमिनीवर आणि लोक त्यांना पाणी पाजतायत. दम परत आल्यावर पहिलं वाक्य, "त्याला म्हणावं, मागारी याचंबी बघत जा. मी काय आता तरना हाय का?"

प्रतिस्पर्ध्यांशीही त्यांचं असंच काहीतरी असायचं. देहूरोडला एका सामन्यात समोरच्या संघाच्या मुख्य चढाईपटूचा घोटा मुरगळला. त्यानंच आम्हांला हरवलं होतं. दुसऱ्या दिवशी तात्या हळदीचा लेप आणि दुधाची बरणी घेऊन त्याच्या खोलीवर. आम्ही म्हटलं, "तात्या, हे काय?" तर म्हणाले, "फुडल्या साली त्यालाच धरायचाय आपल्याला. तवर नीट ऱ्हायला पायजे का नगं?"

यात गंमत होती, पण तात्यांचा सगळा स्वभावही होता. झालेल्या सामन्यावर ते थोडंच बोलत. त्यांचं मन पुढच्या हंगामात असायचं.

आमच्याकडे एक प्रथा होती. हंगामातला शेवटचा सामना झाला की पुढच्या रविवारी सगळे समर्थक तात्यांच्या अंगणात जमायचे. अर्धा वेळ झालेल्या हंगामाचा पंचनामा, मग पिठलं-भाकरी, आणि उरलेला वेळ पुढच्या हंगामाचा विचार. कारखान्यातली माणसं ती, त्यामुळे पंचनामाही कारखान्याच्याच पद्धतीनं चाले. खराब माल निघाला की आम्ही एकामागून एक 'का?' विचारत मुळाशी जातो. माल खराब का? पत्रा दाबायची डाय घासली म्हणून. डाय का घासली? तेल कमी पडलं म्हणून. तेल का कमी पडलं? असं करत करत खरं कारण हाती लागेपर्यंत जायचं. तसंच सामना का हरलो, पकड का सुटली, लोण का चढला. मी क्वालिटीचा, म्हणून फळा आणि मार्कर माझ्याकडे.

पहिल्या वर्षी मी फळ्यावर माशाचा सांगाडा काढला. कारणं मांडायची ती एक रीत आहे, मधे कणा आणि दोन्ही बाजूंना काटे, प्रत्येक काट्यावर एकेक कारण. तात्यांनी भाकरीची परात घेऊन बाहेर येता येता तो बघितला आणि तिथंच थांबले.

"साहेब, ह्यो काय काढलाय?"

"मासा आहे तात्या. याच्यावर कारणं लिहायची."

"आमच्या दारात मासळी चालत न्हाई. पुसा आधी."

"अहो, खायचा नाहीये तो!"

"न्हाई खायाचा, तर मंग काढायचा कशाला? काढायचाच तर नांगर काढा."

आणि खरंच, त्या वर्षापासून आमच्या फळ्यावर नांगर आला. एका अंगाला पोरांच्या चुका, दुसऱ्या अंगाला पंचांच्या, आणि फाळाच्या टोकाला मूळ कारण. कंपनीत एका ऑडिटच्या वेळी चुकून मी तिथंही नांगरच काढला होता. परदेशी पाहुण्यांना ते फार आवडलं, त्यांनी फोटो काढून नेला.

पंचनामा चालू असेपर्यंत तात्या चुलीकडं, म्हशीकडं, कुठंतरी असायचे. जेवणं झाली की मात्र मधोमध येऊन बसायचे. "झालं का मढं उकरून? आता फुडचं बोला." मग दोन-दोन तास. कोणाला डाव्या कोपऱ्यात घ्यायचं, कोणाच्या मांडीत जोर कमी आहे, नव्या भरतीत कुठल्या गावचं पोरगं आलंय, कोणाला काय खायला घालायचं. खायला घालणं हा त्यांच्या नियोजनाचा मुख्य भाग. सरावाच्या दिवशी ते सायकलला दुधाची किटली आणि तुपाचा डबा लावून मैदानावर यायचे.

सूर्यकांत, आमचा सुऱ्या, असाच त्यांच्या हाती लागला. तो लातूरकडचा. कंत्राटावर आलेला, रूपीनगरला एका खोलीत सहा जण राहायचे. आला तेव्हा नुसती काठी. पण चढाईला गेला की समोरच्यांना दोन सुऱ्या दिसायचे. तात्यांनी त्याला घरी न्यायला सुरुवात केली. शिफ्ट सुटली की सुऱ्या चिखलीत. बाजरीची भाकरी, त्यावर तूप, वर वाटीभर दही. वहिनी म्हणायच्या, "आमची लेक सासरी गेली तवापासनं ह्यांना कुणी गावलं न्हवतं." सुऱ्या दोन वर्षांत भरला. खांदे आले, मांड्या आल्या, आणि समोरचे तिघं अंगावर पडले तरी तो मध्यरेषेकडं सरकायला लागला.

त्या वर्षी आंतरकंपनी स्पर्धेआधी पर्सोनेलच्या साहेबांनी सांगितलं होतं, संघ अंतिम फेरीत गेला तर कंत्राटातल्या दोन खेळाडूंना कायम करू. दोनांतला एक कोण हे सगळ्यांना माहीत होतं. सुऱ्याच्या घरी बहिणीचं लग्न ठरत होतं, आणि कंपनीत कायम असलेला भाऊ आणि कंत्राटावरचा भाऊ यांत काय फरक असतो ते आमच्या भागातल्या कोणालाही सांगावं लागत नाही.

स्पर्धेला वजनाची मर्यादा होती, ऐंशी किलो. आठवडाभर आधी आम्ही सगळ्या पोरांना डिस्पॅचमधल्या मोठ्या काट्यावर उभं केलं. बाकीची पोरं मर्यादेच्या बरीच खाली होती. सुऱ्या एकोणऐंशी भरला. तात्यांनी काट्याला हात जोडले. "बसला. आता जरा जपून वाढतो."

स्पर्धेच्या सकाळी पंचांच्या काट्यावर सुऱ्या मर्यादेच्या वर भरला. थोडाथोडका नाही, किलोभर. पंचांनी तासाभराची सवलत दिली. सुऱ्यानं दोन जॅकेटं चढवली आणि मैदानाभोवती पळत सुटला. त्याच्या मागं तात्या. सत्तावन्न-अठ्ठावन्नचे असतील तेव्हा, पायात कंपनीचे जड बूट, डोक्यावर टोपी. "पळ लेका, पळ, अजून एक येढा!" सुऱ्या म्हणतोय, "तात्या, तुमी नका पळू," आणि तात्या म्हणतायत, "माझं बी उतरू दे की!" लोक टाळ्या वाजवत होते. तासाभरानं सुऱ्या पुन्हा काट्यावर चढला. पाव किलोच्या आसपास जास्तच होता. पंचांनी मान हलवली.

त्याच्याविना आम्ही पहिल्याच फेरीत बाद झालो. कायम कोणीच झालं नाही. पुढच्या महिन्यात सुऱ्याचं कंत्राट संपलं आणि वाढवलं गेलं नाही. तो गावी गेला.

स्पर्धेनंतरच्या रविवारी आम्ही नेहमीसारखे अंगणात जमलो होतो. फळ्यावर नांगर, माझ्या हातात मार्कर.

"पहिल्याच फेरीत का हरलो?"

"सुऱ्या नव्हता."

"का नव्हता?"

"वजनात बसला नाही."

"का नाही बसला?"

"वाढलं वजन."

"का वाढलं?"

"तात्यांच्या तुपानं!" बाळूच म्हणाला. हशा पिकला. तात्या दाराच्या चौकटीशी उभे होते. ते हसले नाहीत.

आम्हांला ट्रेनिंगमध्ये एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात. 'का'चं उत्तर माणसाच्या नावावर आलं की थांबायचं नाही. नाव आलं म्हणजे तुम्ही अजून कारणापाशी पोचलेला नाहीत, पुढचा 'का' विचारायचा. पुढचा 'का' सोपा होता. आठवडाभर आधी वजन घेतलं होतं, मग तेव्हाच का कळलं नाही? आठवड्यात किलोभर उतरवणं त्या पोराला काहीच अवघड नव्हतं. तो प्रश्न माझ्या जिभेवर आला, आणि त्याच्याबरोबर हेही आठवलं की त्या काट्याची तपासणी त्या महिन्यात व्हायची होती आणि ती मी पुढं ढकलली होती. महिनाअखेरची घाई होती, डिस्पॅचवाले काटा सोडायला तयार नव्हते, मी म्हटलं राहू दे. काटे बरोबर आहेत की नाहीत हे बघणं माझंच काम होतं.

मी मार्करला टोपण लावलं. म्हटलं, "चला, जेवून घेऊ."

काही दिवसांनी तपासणीवाला आला. त्यानं ठरावीक वजनं काट्यावर ठेवली. काटा दोन किलोच्या आसपास कमी दाखवत होता. त्यानं तो दुरुस्त केला आणि गेला. मी कोणाला बोललो नाही. तेव्हा मोठ्या ग्राहकाचं ऑडिट तोंडावर होतं म्हणून. ऑडिट झाल्यावर, आता कशाला, म्हणून. आणि नंतर, इतक्या दिवसांनी कसं सांगायचं, म्हणून.

तात्या त्यानंतरही सामन्यांना यायचे. पण कोपऱ्याजवळ उभे राहायचे नाहीत, लोकांच्या मागं कुठंतरी. दुधाची किटली बंद झाली. अंगणातली बैठक चालू राहिली, पिठलं-भाकरीही वहिनी करायच्या, पण पुढच्या हंगामाचा विषय निघाला की तात्या उठायचे. "म्हशीचं बघून येतो." कोणी आग्रह केला तर म्हणायचे, "मला नका इचारू बाबांनो. माझा अंदाज चुकतो."

मी निवृत्त झालो, तात्या माझ्या आधीच झाले होते. कंपनीनं संघ चालू ठेवला आणि आम्ही म्हातारे बैठकीला जात राहिलो. यंदाच्या बैठकीत नवा कर्णधार तात्यांच्या पाया पडून म्हणाला, "तात्या, पोरं दमात कमी पडतात. पूर्वी तुम्ही दूध-तूप द्यायचे म्हणे. परत सुरू करा ना. आम्ही येऊ न्यायला."

तात्यांनी त्याचे हात धरले. म्हणाले, "नगं रं बाबा. माझ्या हातचं पोरांना बाधतं."

त्यांनी ते दुःखानं म्हटलं नाही. साधं म्हटलं, वर्षानुवर्षं ठाऊक असलेली एखादी गोष्ट सांगावी तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच चिखलीला गेलो. तात्या बाजेवर बसून दोरी वळत होते. "या साहेब. काय इसरलं का काल?" वहिनींनी चहा आणला. मी तो खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. काटा, पुढं ढकललेली तपासणी, तपासणीवाला, फळा. मधे थांबलो तर पुन्हा सुरू करता येणार नाही म्हणून एका दमात सांगितलं.

तात्यांच्या हातातली दोरी थांबली होती. वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"म्हंजी त्या येळंला काटा खोटा व्हता."

"हो."

"आन् तुला ठाव व्हतं."

इतक्या वर्षांत तात्यांनी मला 'साहेब' आणि 'तुमी' सोडून कशानंही हाक मारली नव्हती.

"नंतर कळलं. पण कळलं होतं."

"सुऱ्याला सांगितलंस?"

"नाही."

"मंग माझ्याकडं कशाला आलास?" आवाज चढला नव्हता. "माझं काय गेलं? टोपी गेली का पगार गेला? ज्याचं गेलं त्याला सांग."

"माझ्याकडे त्याचा नंबर नाही, तात्या."

तेव्हा वहिनी म्हणाल्या, "माझ्याकडं हाय. दर दिवाळीला फोन येतो त्याचा. ह्यांच्याशी बोलायचं म्हणतो, तर हे उठून गोठ्यात जात्यात. तोंड दावायला जागा न्हाई म्हणत्यात." आणि तात्यांकडे न बघता मला म्हणाल्या, "त्या दिसापासनं भातावर तुपाची धार घेतली न्हाई ह्या मानसानं. म्हशी सोताच्या दारात असून."

मी माझ्या फोनवरून नंबर लावला. तात्या उठून अंगणात गेले, म्हशीच्या गोठ्यापाशी आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. त्यांना ऐकायचं नव्हतं, की ऐकलेलं दिसू द्यायचं नव्हतं, मला सांगता येणार नाही.

पलीकडे सुऱ्या होता. तालुक्याच्या गावी त्याचं दुचाक्या दुरुस्तीचं गॅरेज आहे, मागं हातोडीचे आवाज येत होते. मी नाव सांगितलं, तो आनंदला. मग मी बाकीचं सांगितलं. हातोडी थांबली.

"सूर्यकांत?"

"ऐकायलोय साहेब."

"मला माफ कर असं मी म्हणणार नाही. पण तुला कळायला हवं होतं."

"तुमचं तुमी बघा, साहेब," तो म्हणाला. "मला तवा बहिणीसाठी काय काय करावं लागलं ते आता काढत न्हाई. तात्या हायत का तिथं? तेवढं तात्यांना द्या."

एवढंच. त्याहून जास्त मला त्याच्याकडून मिळालं नाही, आणि मिळायला हवं होतं असंही वाटत नाही.

मी फोन घेऊन गोठ्याकडे गेलो. तात्यांनी दोन्ही हात धोतराला पुसले. फोन घेतला, उलटा धरला, मी सरळ करून दिला. तिकडून सुऱ्या बोलत होता, मोठ्यानं, शब्द मला कळत नव्हते. तात्या नुसते "व्हय… व्हय रं… व्हय" म्हणत होते. मग त्यांनीच विचारलं.

"सुऱ्या, आता किती भरतोस?"

पलीकडून काहीतरी आकडा आला असावा. तात्या हसायला लागले. म्हैस दचकून मागं सरली. "आरं मंग चढाई कवाच इसर! आता पंच म्हणून बी उभा करनार न्हाई तुला कुनी!" आणि हसता हसता त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले.

त्यानंतर महिन्याभरातच तात्यांना दवाखान्यात न्यावं लागलं, आणि ते परतले नाहीत. मी त्यांना शेवटचं धड पाहिलं ते त्या सकाळी. सुऱ्या दहाव्याला आला होता. माझ्याशी बोलला नाही, वहिनींजवळ बसून राहिला. बाळूची गोष्ट रंगली तेव्हाही तो आतच होता, नाहीतर त्यानंच सांगितलं असतं. ते त्याच्यावर सोडू नये म्हणून मी लिहिलं. समर्थकांनी हे वाचावं आणि ती गोष्ट पुन्हा कधी सांगायची झाली तर तीत माझं नाव घालून सांगावी.

त्या सकाळचं मात्र मला असं दिसतं. तात्या फोन कानाला लावून गोठ्यापासून निघाले आणि कुंपणाच्या कडेनं रानाकडे चालू लागले, एक हात हवेत हलवत. "तू ग्येल्यावरचं तुला काय ठाव न्हाई. ऐक. पयल्या साली काय झालं, आपला डावा कोपरा पार उघडा…" आवाज लांब जात होता. वहिनींनी माझा गार झालेला चहा उचलला आणि दुसरा ठेवला. फोन माझा होता, पण मी मागायला गेलो नाही. ऊन अंगणात आलं, पार पायरीला लागलं, आणि वांग्यांच्या वाफ्यापाशी तात्या अजून त्या पहिल्याच हंगामावर होते.